मदत हवी आहे: कोर्टाचं समन्स, सोसायटीचं मूळ इतिवृत्त द्यावंच लागेल का?

नमस्कार मंडळी. कोथरूडमधल्या आमच्या २४ बिऱ्हाडांच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. परवा बेलिफ शिवाजीनगर कोर्टाचं समन्स देऊन गेले. वारलेल्या एका सभासद काकूंच्या फ्लॅटवरून त्यांच्या मुलामुलीत दिवाणी दावा चालू आहे. सोसायटी त्यात पक्षकार नाही. तरी काकूंचा २०१४ चा नॉमिनेशन फॉर्म, नॉमिनेशन रजिस्टर आणि फॉर्म ज्या कमिटी मीटिंगमध्ये नोंदला तिचं इतिवृत्त, सगळं मूळ हजर करायचंय.

दोन्ही मुलं माझ्यासमोर वाढलीत. मुलगी म्हणते, "मावशी, सगळं घेऊन या." मुलगा म्हणतो, "सापडत नाही असं लिहून द्या." रजिस्टर माझ्या कपाटात आहे. खोटं मी लिहून देणार नाही, त्याला तसं तोंडावर सांगितलं. रात्रभर झोप मात्र लागली नाही.

अडचण वेगळीच आहे. इतिवृत्ताच्या त्याच पुस्तकात इतरांची थकबाकी, भांडणं, सगळं आहे. रजिस्टर तर रोजच्या वापरातलं. कोर्टातच राहिलं तर? आणि मला पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेतील का?

प्रतिसाद: ताई, समन्स नीट वाचा. नुसतं कागदपत्रांचं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६, नियम ६ प्रमाणे दुसऱ्या कुणाहाती पाठवली तरी चालतात. कागद आणून दिले एवढ्यानं तुम्ही साक्षीदार होत नाही, उलटतपासणीही होत नाही (भारतीय साक्ष अधिनियम २०२३, कलम १४४). हरकत असली तरी पुस्तक न्यावंच लागतं, हरकतीवर निर्णय कोर्ट देतं. म्हणून सोबत अर्ज द्या: संबंधित पानच पाहावं, प्रत ताडून ठेवावी आणि मूळ परत मिळावं. दिलेल्या कागदांची पोच घ्या. गैरहजर मात्र राहू नका, वॉरंट आणि जप्तीपर्यंत जातं. जाण्यायेण्याचा खर्च समन्स काढणाऱ्या पक्षाने भरायचा असतो.

मी: खूप आभार दादा. समन्सवर 'कागदपत्रे हजर करण्यासाठी' एवढंच आहे. तरी मी स्वतःच जाईन, पुस्तक दुसऱ्याच्या हाती द्यायला मन धजत नाही. एकच विचारते: इतिवृत्ताला पान नंबर नाहीत. घालून नेऊ का?

प्रतिसाद: अजिबात नको. पेनाचं टोकसुद्धा लावू नका, आहे तसंच न्या.