कर्लीच्या मुखातली वाळू लिलावात का, देवबागच्या किनाऱ्यावर का नाही?

कर्लीकाठ:
पावसाळा आला की मालवणजवळच्या देवबागचं तेच सुरू होतं, उधाणाला पाणी आत आलं, बंधारा खचला, अजून दगड टाका. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर अख्खं गाव. माझं म्हणणं एवढंच की खाडीतनं, मुखातनं जी वाळू काढली जाते ती डंपरात भरून बांधकामाला का जावी? ती ह्याच किनाऱ्याची आहे. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखाच्या भिंती १९६०च्या दशकात लांबवल्या, वाळू दक्षिणेला अडली आणि उत्तरेचा किरा बीच पार खरवडला गेला. शेवटी २००१ पासून पंप लावून वाळू नदीखालच्या पाइपातून पलीकडे नेतायत, वर्षाला साधारण ५ लाख घनमीटर. आपल्याला एवढा पसारा नको, पण काढलेली वाळू किनाऱ्याला परत, हा नियम तरी करा.

दांडेकर_मालवण:
तुमी लांब बसान सांगतास, उधाणाक पाणी आमच्या पडवीत येता. आज टाकलेली वाळू पहिल्या मोठ्या लाटेत जाणार, मग काय करायचं? दगडी बंधारा आहे म्हणून कित्येक घरं उभी आहेत. आधी घरं, मग बीच.

कर्लीकाठ:
घरांसमोरचा बंधारा काढा असं मी कुठे म्हटलं? पण दगडावर लाट आपटली की पायथ्याची वाळू ओढून नेते, म्हणूनच तो खचतो आणि दर काही वर्षांनी नवा लागतो. शिवाय भिंत जिथे संपते तिथून पुढची जमीन जास्त खाल्ली जाते. पुढ्यात वाळू असली तर बंधाराही टिकेल.

रापणवाला:
आमच्या बाजूने पण बघा. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते, तेव्हा मुखावरच्या बारवर, म्हणजे पाण्याखाली साचलेल्या वाळूच्या उंचवट्यावर, लाट फुटत असते आणि होडी काढताना जीव मुठीत धरावा लागतो, त्यामुळे वाट खोल करून पाहिजेच, वाळू कुठे टाकायची ते ठरेपर्यंत आम्ही थांबायचं का? आणि सक्शन पंप लावून रात्री उपसा होतो तो आधी बंद करा, त्याला ना आमची वाट दिसते ना तुमचा किनारा.

निळी_खाडी:
मला दोन्ही बाजू घाईच्या वाटतात. मुखासमोरचा बार ही शिलकी वाळू नाही. मोठी लाट तिथेच फुटते म्हणून गावाला मार कमी बसतो, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरून समुद्रात गेलेली वाळू दिवाळीनंतर हळूहळू परत येते ती अशाच बारवरून. तो उपसला तर वाळू किनाऱ्यावर टाकूनही काय उपयोग, लाट थेट आत येणार. ट्वीडचंही अर्धंच सांगितलंत. सुरुवातीच्या वर्षांत तिथे इतकी वाळू गेली की किराचा खडक गाडला गेला आणि बीच नको तेवढा रुंद झाला, लोक वैतागले. खाडीच्या वाळूत चिखल असतो तो वेगळाच, तो कासवांच्या विणीच्या जागी पसरला तर वायंगणीसारख्या ठिकाणी नुकसानच.

कर्लीकाठ:
बारचा मुद्दा मान्य, म्हणून पूर्ण बार नको, होडीपुरती वाट काढा आणि तेवढीच वाळू हलवा, चिखल वगळून. पण "काहीच करू नका" हे पटत नाही. पुदुच्चेरीत १९८०च्या दशकात बंदराच्या भिंती झाल्या, उत्तरेचा किनारा गेला, शहरासमोर नुसते दगड उरले. वाळू पलीकडे टाकायची हे तिथेही ठाऊक होतं, पण नियमित कुणी टाकली नाही, नंतर २०१८च्या सुमारास पाण्याखाली लाट मोडणारा कृत्रिम रीफ बसवावा लागला तेव्हा कुठे थोडी वाळू परत आली.

निळी_खाडी:
पुदुच्चेरीत बंदर बांधून प्रवाह अडवलाय, देवबागला मुख नैसर्गिक आहे, तुलना जुळत नाही. आधी दोन पावसाळे मुखाची खोली आणि किनाऱ्याची रुंदी मोजा, मग बोला.

रापणवाला:
मोजा की, पण मोजणी चालू असताना लिलाव चालू ठेवणार असाल तर मोजणार काय? दोन वर्षं उपसा पूर्ण बंद, फक्त होडीची वाट तेवढी मोकळी, एवढं लिहून द्या, मी सही करतो.

दांडेकर_मालवण:
सही मी पण करेन, पण घरासमोरचे दगड हलवणार नाही हेही त्यातच लिहा.