नवी ओळख विश्वासाने मिळते, तर मंडळीत नियमांची यादी कशासाठी?

गुरुवारपेठकर

उपनगरातल्या एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) अलीकडेच घडलेलं सांगतो. मंडळीचं नाव देत नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या एका बहिणीला प्रभुभोजनाच्या (ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या) वेळी मागे बसवलं, कारण गळ्यात मंगळसूत्र. नवरा विश्वासात नाही, घरात सासू आहे, रोज त्यावरून वाद नको म्हणून ती ते घालते. तिला सांगण्यात आलं, "जुनं गेल्याशिवाय तू नवी कशी?"

मला हे फार लागलं. बायबलमधलं गलतीकरांस पत्र लिहिताना प्रेषित पौल भांडला तो ह्याच क्रमावरून, आधी विश्वास की आधी नियम. गलतियातले लोक ख्रिस्तावर विश्वास ठेवून आले होते. मागाहून कोणी येऊन म्हणू लागलं की आता सुंताही करा, तरच पुरते देवाचे. पौल म्हणतो, नियमशास्त्राने (मोशेच्या नियमांनी) नीतिमान ठरता येत असेल तर ख्रिस्त उगाच मेला. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचा विश्वास बायबलातल्या उत्पत्ती पुस्तकाच्या १५व्या अध्यायात नीतिमत्त्व म्हणून मोजला गेला, सुंतेची आज्ञा आली १७व्यात. आधी नातं, मग खूण.

अंत्युखियातला प्रसंग तर पुणेकराला समजावून सांगायलाच नको. येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली आणि तो पंगतीतून मागे सरला. पौलाने त्याला सर्वांदेखत धरलं. आपल्याच पेठेत १८९०मध्ये पंच हौद ह्या ख्रिस्ती मिशनमध्ये हिंदू लोक चहा प्यायले, 'पुणे वैभव' वर्तमानपत्रात नावं छापून आली, वर्षानुवर्षं वाद चालला, रानडे आणि टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावं लागलं. ज्या वास्तूतला चहा घेतला म्हणून शहराने माणसं बाहेर काढली, त्या वास्तूच्या विश्वासाचे वारस आज प्रभूच्या मेजावरून बहिणीला मागे बसवतात, हे मला सहन होत नाही.

आणि मंगळसूत्राबद्दल म्हणाल तर कित्येक मराठी ख्रिस्ती घरांत लग्नात क्रूस लावलेलं मंगळसूत्रच बांधतात.

वानवडीची_वाचक

सलाम. त्या बहिणीला मागे बसवणं मलाही आवडलं नाही, पण तुमच्या मांडणीला माझा विरोध आहे. माझ्या आजीच्या पिढीने नगर जिल्ह्यातल्या खेड्यात बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी नवस सोडले, अंगात येणाऱ्यांकडे जाणं सोडलं, घरातली दारू बंद केली. ह्या सोडण्यावरूनच गावाला कळलं की ह्या माणसांत काही झालंय. विश्वास मनात असतो म्हणता, पण मन कोणाला दिसतं?

"क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे" हे याकोबाचंच पत्र सांगतं, तेही पवित्र शास्त्रातच आहे. रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात पौल स्वतः विचारतो, कृपा वाढावी म्हणून पापात राहावं का? आणि स्वतःच म्हणतो, कधीच नाही. कृपा आहे म्हणून कसंही वागणारी तरुण मुलं मी आमच्या मंडळीत बघते आहे. त्यांना धाक नाही. नव्याने आलेल्याला तर कुंपण लागतंच.

गुरुवारपेठकर

तुमच्या आजीने दारू बंद केली कारण तिला काही मिळालं होतं. मिळावं म्हणून बंद केली नाही. इफिसकरांस २:८ ते १० वाचा. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही. आणि लगेच पुढच्या वाक्यात, सत्कर्मं करण्यासाठी आपण निर्माण झालो. क्रम उलटा केला की तीच दारूबंदी ओझं होते.

नगर_रस्ता_कॅथलिक

आमच्याकडून थोडं. १५४७मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने "केवळ विश्वासाने" ह्या प्रोटेस्टंट मांडणीला नकार दिला, हे खरं. पण माणूस स्वतःच्या कर्मांनी, कृपेवाचून, नीतिमान ठरतो असंही त्याच परिषदेने नाकारलं, ते सहसा कोणी सांगत नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ला ऑग्सबर्गमध्ये लूथरन (मार्टिन लूथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) आणि कॅथलिक दोघांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपल्या कुठल्या पात्रतेमुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो. तेव्हा मूळ मुद्द्यावर मी तुमच्याबरोबर आहे.

पण प्रभुभोजन म्हणजे सगळ्यांनी कसंही यावं असं नाही. करिंथकरांना पौल आधी स्वतःची परीक्षा करायला सांगतो. फक्त ती परीक्षा दुसऱ्याने गळा बघून करायची नसते.

मुळशीचा_वारकरी

बाहेरचा माणूस म्हणून विचारतो. चोखोबांची भक्ती कोणी नाकारली नाही, तरी महाद्वाराबाहेरच राहावं लागलं. म्हणजे नुसता भाव पुरत नाही, दार उघडणारी माणसं लागतात. तुमच्यात नवी ओळख मिळते म्हणता, ती कोणाच्या नजरेत? देवाच्या की मंडळीच्या?

येरवड्याहून

वारकरीदादांनी नेमकं विचारलं. मी त्याच प्रश्नावर लिहायला आलो होतो.

माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. अनुसूचित जातींबाबतचा १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश सांगतो की हिंदू, शीख किंवा बौद्ध नसलेल्याला अनुसूचित जातीची सवलत नाही. शीख १९५६मध्ये आले, बौद्ध १९९०मध्ये. आम्ही अजून बाहेर. म्हणजे कागदावर आमची जुनी ओळख पुसली गेली. सरकारने आमचा बाप्तिस्मा अगदी मनापासून मान्य केला, असं आम्ही घरात म्हणतो, आणि त्यात दुःखच असतं.

मंडळीने मात्र तो मान्य केला नाही. माझ्या बहिणीचं स्थळ बघताना, प्रार्थना करून बसलेल्या घरांतून विचारणा झाली, "तुमचे आधीचे कोण?" दुसऱ्या पिढीला नाही, तिसऱ्या पिढीला. "यहूदी नाही, हेल्लेणी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही" (हेल्लेणी म्हणजे ग्रीक) हे वचन आमच्याकडे लग्नाच्या उपदेशात वाचतात. स्थळ ठरतं ते त्याआधी. मंगळसूत्र काढायला सांगणाऱ्या किती पाळकांनी हा प्रश्न विचारणाऱ्या कुटुंबाला मागे बसवलं? एकही माझ्या पाहण्यात नाही. नियम पाळून नवं होता येत असतं तर आमच्यातले सगळ्यात कडक नियमवाले सगळ्यात आधी जात विसरले असते.

वानवडीची_वाचक

हे वाचून मला लाज वाटली, कारण हा प्रश्न मी ऐकला आहे आणि गप्प बसले आहे. पण भाऊ, ह्यावरून माझाच मुद्दा पक्का होतो. इतकी वर्षं "ख्रिस्तात सगळे एक" हा विश्वास होताच ना? त्याने जात गेली का? मग नियमच करा. स्थळ बघताना जात विचारणाऱ्याचं लग्न मंडळी लावणार नाही, असं लिहून टाका.

गुरुवारपेठकर

पंडिता रमाबाईंकडे बघा. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी एका पुरोहितशाहीचं जोखड झुगारून दुसरं मानेवर घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. शाकाहार सोडला नाही. आणि पुढे साक्ष देताना म्हणाल्या की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर मिळाला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी शिस्तही कडक ठेवली. पण आत येणाऱ्या बाईला आधी आसरा मिळे, भाकरी मिळे, शिस्त मागाहून.

येरवड्याहून

ताई, नियम लिहा, पहिली सही माझी. पण पेत्राला नियम माहीत होता. कर्नेल्य ह्या परराष्ट्रीय रोमी अधिकाऱ्याच्या घरी त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं की देव पक्षपात करत नाही. तरी यरुशलेमची चार माणसं आली आणि तो उठला. तो कशाने उठला? भीतीने. आपले लोक काय म्हणतील. माझ्या बहिणीला नकार देणाऱ्या घरालाही वचन तोंडपाठ होतं, त्यांना भावकीची भीती होती. देवाने मला आधीच आपलं म्हटलंय हे ज्याला खरं वाटतं, त्याचीच ती भीती सुटते. नियम त्यांना विचारू देणार नाही. मनातल्या मनात ते विचारतीलच. येत्या रविवारी त्या बहिणीशेजारी कोण बसणार आहे ते सांगा. कुठली मंडळी ते मला खाजगीत कळवा, मी येतो.

वानवडीची_वाचक

मीही येते. नियमाचा मसुदा मात्र मी लिहिणारच.