ओटीएफएस सिम्युलेशन : पायलटवरून चॅनलचा अंदाज घेतल्यावर त्रुटी कमी होत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार. मी सोलापूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. धावत्या रेल्वेगाडीतील संपर्कासाठी ओटीएफएस हे मॉड्युलेशन (माहिती रेडिओलहरींवर चढवण्याची पद्धत) ओएफडीएमपेक्षा (माहिती अनेक जवळजवळच्या वारंवारतांवर वाटून पाठवणाऱ्या पद्धतीपेक्षा) कितपत सरस ठरते, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. २०१७ मध्ये हदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या या पद्धतीत चिन्हे (माहितीचे एकक) सिग्नल पोहोचण्यातील विलंब आणि डॉपलर (वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरक) यांच्या जाळीवर ठेवली जातात, हे येथील जाणकारांना ठाऊक असेलच.

पुणे-सोलापूर लोहमार्ग डोळ्यांसमोर ठेवून मी गाडीचा वेग ताशी ११० किलोमीटर आणि वारंवारता ३.५ गिगाहर्ट्झ धरली आहे. (कुर्डुवाडीच्या पुढे फोन तुटतो, म्हणूनच हा विषय सुचला, पण त्याचे कारण डॉपलर नसून टॉवरमधील अंतर असावे, असे आता वाटते.) सबकॅरिअर (उपवाहक वारंवारता) ६४, त्यांच्यातील अंतर १५ किलोहर्ट्झ, एका फ्रेममध्ये १६ ओएफडीएम चिन्हे, १६ क्वाम (प्रत्येक चिन्हाला १६ पैकी एक रूप) आणि ईव्हीए चॅनल (सिग्नलच्या हवेतील मार्गांचे वाहनांसाठीचे प्रमाणित मॉडेल) अशी मांडणी आहे. चिन्हे ओळखण्यासाठी मेसेज पासिंग (प्रत्येक चिन्हाची शक्यता टप्प्याटप्प्याने सुधारत नेणारी पद्धत) वापरतो.

चॅनल आधीच माहीत आहे असे धरले, तर ओटीएफएसचा त्रुटींचा आलेख अपेक्षेप्रमाणे झपाट्याने खाली येतो. मात्र त्याच फ्रेममध्ये पायलट (आधीच माहीत असलेले चिन्ह) ठेवून, भोवती रिकाम्या गार्ड जागा सोडून चॅनलचा अंदाज घेतला, की साधारण १८ डेसिबल सिग्नल-गोंगाट गुणोत्तरानंतर त्रुटींचे प्रमाण एका पातळीवर अडकते आणि सिग्नल कितीही वाढवला तरी हलत नाही. कोड तीन वेळा तपासला. पायलटची शक्ती वाढवून पाहिली, मार्ग ओळखण्याचा उंबरठा बदलून पाहिला. फरक नगण्य पडला. पायलट आणि गार्ड मिळून १०२४ पैकी ३५ जागा मी राखल्या आहेत. चूक गार्डच्या मांडणीत आहे की अंदाजाच्या पद्धतीत, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद :

आपल्या आकड्यांतच उत्तर दडलेले दिसते. १६ चिन्हांची फ्रेम सुमारे १.०७ मिलिसेकंदांची होते, म्हणजे डॉपलरच्या जाळीतील एक घर ९३७.५ हर्ट्झचे. आपल्या गाडीचा कमाल डॉपलर सुमारे ३५७ हर्ट्झ आहे. तो एका घराच्या ०.३८ इतकाच भरतो. प्रत्येक मार्गाचा डॉपलर दोन घरांच्या मधे पडत असल्याने त्याची ऊर्जा डॉपलरच्या सर्व १६ घरांत पाझरते. आपले गार्ड विलंबाच्या ७ आणि डॉपलरच्या ५ घरांपुरतेच असल्यामुळे बाहेरच्या डेटाची ऊर्जा पायलट वाचण्याच्या जागेत शिरते, आणि ही गळती गोंगाटाची नसल्याने सिग्नल वाढवल्यावर तीही त्याच प्रमाणात वाढते.

खात्रीसाठी सर्व मार्गांचे डॉपलर शून्य किंवा नेमके ९३७.५ हर्ट्झ ठेवून पाहावे. अडकलेली पातळी नाहीशी झाली, तर निदान पक्के. मग गार्ड डॉपलरच्या पूर्ण लांबीभर न्यावे. ७ गुणिले १६ म्हणजे ११२ जागा, सुमारे ११ टक्के खर्ची पडतील. चिन्हे ६४ केल्यास घर २३४ हर्ट्झचे होते, पण फ्रेम चौपट लांबते आणि डॉपलरचा अपूर्णांक तरीही उरतोच. डॉल्फ-चेबिशेव्ह विंडो (फ्रेमच्या कडा हळुवार करणारे वजन) वापरून गळती आटोक्यात आणणे हा माझ्या मते त्याहून चांगला मार्ग आहे.

एक गोष्ट मात्र प्रबंधात प्रामाणिकपणे नोंदवावी. ११० च्या वेगाला डॉपलर सबकॅरिअरमधील अंतराच्या केवळ २.४ टक्के असतो, त्यामुळे ओएफडीएममधील सबकॅरिअरचा परस्पर व्यत्यय सिग्नलच्या सुमारे ३० डेसिबल खाली राहतो आणि १६ क्वामला तो जाणवतही नाही. या वेगाला ओटीएफएसचा जो लाभ दिसेल, तो विविधतेचा (एकच चिन्ह अनेक मार्गांनी पोहोचण्याचा) असेल, डॉपलरवर मात केल्याचा नव्हे. ताशी ५०० किलोमीटरला हेच प्रमाण जवळपास ११ टक्क्यांवर जाते. तुलना तेथेही करावी.

मूळ प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. डॉपलर घरांवर नेमके बसवताच आलेख सरळ खाली आला. पूर्ण गार्ड ठेवल्यावर ११० च्या वेगालाही अडकलेली पातळी दिसत नाही. मात्र तुलनेत आता ११२ जागांचा खर्च ओटीएफएसच्या बाजूने मोजावा लागेल, आणि ओएफडीएमच्या पायलटचाही तितकाच काटेकोर हिशोब धरून दोन्ही वेगांचे आलेख नव्याने काढतो आहे.