उणे चाळीसमध्ये तुम्ही करता तरी काय? (अनुभव धागा)

मी उत्तर कॅनडात राहते म्हटलं की पुण्याहून दोन प्रश्न ठरलेले. थंडी किती, आणि ते आकाशातले हिरवे दिवे (ऑरोरा) रोज दिसतात का? गेल्या आठवड्यात मात्र मामेबहिणीने वेगळंच विचारलं, "अगं पण तू दिवसभर करतेस काय?" सांगायला लागले तर तासभर फोन चालला. म्हणून हा धागा.

साठ अक्षांशाच्या वर राहणाऱ्या, राहून गेलेल्या, तिथेच वाढलेल्या पोरापोरींनी लिहा. नोकरी-शाळा थोडक्यात, उरलेल्या वेळाचं सविस्तर. टोरांटो-कॅल्गरीकरांनी जरूर वाचावं, फक्त आपली थंडी इथे आणू नये.

सुरुवात मीच करते.

यलोनाइफ, वय २४

नऊ वर्षांची होते तेव्हा आलो. बाबा हिऱ्याच्या खाणीवर, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी. ऐन डिसेंबरात सूर्य दहाला उगवतो आणि तीनला मावळतो, म्हणजे ऑफिसला जाताना अंधार, येतानाही अंधार. रात्री फोनबरोबर गाडीही चार्जिंगला लावल्यासारखी प्लगला लावायची, नाहीतर इंजिनातलं तेल गोठून सकाळी गाडी हूं की चूं करत नाही. सुरू झालीच तर पहिली पाच मिनिटं टायर चौकोनी असल्यासारखी धडधडत जाते, कारण रात्रभर एका जागी उभं राहून रबर चपटं झालेलं असतं.

माझा छंद म्हणजे बर्फाचा किल्ला. ग्रेट स्लेव्ह तळ्याच्या इथल्या खाडीवर, गोठलेल्या पाण्यावर, दर वर्षी किल्ला उभा राहतो. मार्चभर त्यात गाणी, नाटकं, पोरांसाठी घसरगुंडी. हे १९९६ पासून चालू आहे. मी चार वर्षं बांधकामाला जाते. भिंती साच्यात बर्फ फवारून करतात. खिडक्यांचं काम मात्र माझ्या आवडीचं: तळ्याचं बर्फ करवतीने कापून त्याच्या लाद्या बसवायच्या. मधे हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, दुपारी ऊन आलं की चमकतात. आतून पातळ हातमोजे, वरून जाड मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र राहतात तो मोजा. स्क्रू लावायला मिटन काढला की मनात वीस आकडे मोजायचे आणि परत घालायचा.

सगळा कारभार आपल्या मांडवासारखाच. तीच घाई, तेच "अरे शिडी कोणी नेली", तीच चहाची किटली. वसंतात किल्ला वितळून तळ्यात जातो. आई त्याला सरळ विसर्जन म्हणते.

व्हाइटहॉर्स, वय २३, मूळ लातूर जिल्हा

मी २०२२ च्या ऑगस्टात आलो. आठवडाभर कॉलेज आणि किराणा दुकानात फळ्यांवर माल लावायचं काम. शनिवार-रविवार कुत्र्यांकडे. शहराबाहेर एका बाईंकडे स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणारी चाळीस कुत्री आहेत. मी त्याला गोठा म्हणतो, आता त्याही 'गोठा' म्हणतात.

सकाळचं पहिलं काम शेण, म्हणजे तुम्ही समजून घ्या. उणे तीसला त्याचा दगड होतो, वास येत नाही. थंडीची तेवढी एक मेहरबानी. मग मांस कोमट पाण्यात घालून पातळ रस्सा, कारण नुसतं पाणी कुत्री पुरेसं पीत नाहीत. मग बूट. आठ कुत्री जोडली की बत्तीस बूट, प्रत्येकाला पट्टी, आणि ती पट्टी हातमोजे घालून लागत नाही. जोडणी चालू असते तोवर अख्खा गोठा बोंबलत असतो. नांगरासारखा लोखंडी आकडा बर्फातून काढला की एका क्षणात सगळं चिडीचूप, फक्त पायांचा आवाज.

कासरा नाही. उजवीकडे 'जी', डावीकडे 'हॉ', बाकी तुमच्या आवाजावर. पहिला नियम: पडलात तरी स्लेज सोडायची नाही. मी पहिल्याच महिन्यात पडलो आणि सोडली. कुत्री घरी पोचली, मी मागून दोन किलोमीटर चालत. बाईंनी काही न बोलता चहा दिला, ते जास्त लागलं.

आजोबांना व्हिडिओ दाखवला. नीट बघून म्हणाले, "वशिंड नाही, मग ओझं पेलतात कशावर?" छातीवर, असं सांगितल्यावर बराच वेळ विचार करत बसले.

इकालुइट, नुनावुत, वय १७

माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, आईने तपासून दिलंय. ती इथे नर्स आहे.

आमच्याकडे यायला रस्ता नाही. विमान, नाहीतर उन्हाळ्यात जहाज. आई आधीच बसून वर्षाची यादी करते, तांदूळ, तूरडाळ, तेल, पापडसुद्धा, आणि ते सगळं जहाजाने येतं. एका वर्षी हिंग विसरली. त्या वर्षाचं वरण आम्ही अजून विसरलो नाही.

इथले मूळ रहिवासी इनुइट लोक 'हो' म्हणायला भुवया उडवतात आणि 'नाही' म्हणायला नाक आक्रसतात. मला ती सवय लागलीय. आजी व्हिडिओ कॉलवर विचारते, जेवलीस का? मी भुवया उडवते. ती तीनदा विचारते. मग विचारते, भात आवडला नाही का? मी नाक आक्रसते, म्हणजे "नाही, तसं नाही", आणि ती म्हणते, बघा कशी नाक मुरडते!

शाळेनंतर जिममध्ये आर्क्टिक खेळ. माझा प्रकार एका पायाची उंच लाथ. वर सीलच्या कातड्याचा छोटा गोळा टांगलेला असतो. उडी मारायची, एका पायाने त्याला लाथ मारायची आणि त्याच पायावर उतरून तोल सांभाळायचा. लंगडी माहितीये ना? तशी, फक्त हवेत. कोच सांगतात, पूर्वी शिकार मिळाल्याची खूण लांबून गावाला अशी उडी मारून द्यायचे. १९७० पासून आर्क्टिक विंटर गेम्स होतात, पहिले यलोनाइफला झाले होते. त्यांची पदकं उलूच्या आकाराची असतात. उलू म्हणजे बायकांची अर्धगोल सुरी. मी अजून निवडले गेले नाहीये. गेल्या वेळी दोन इंचांनी राहिलं.

आणि ऑगस्टात शिंपल्या. इथे भरती-ओहोटीत दहा मीटरांहून जास्त फरक पडतो. मोठी ओहोटी असली की अर्धं गाव बादल्या आणि फावडी घेऊन चिखलात. आई रत्नागिरीची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडलीच, "अगं, तिसऱ्या!" त्या तिसऱ्या नाहीत, मोठ्या आहेत आणि चवही वेगळी, पण आमच्याकडे त्यांचं सुकंच होतं. मैत्रीण कच्च्या खाते आणि आमच्या मसाल्याला हसते.

एडमंटन (आधी दीड वर्ष युकॉनमधल्या एका छोट्या गावात), वय २७

वरचं सगळं खरं असेल. माझं तसं झालं नाही, तेही लिहिते.

मी पीआरसाठी (कायम राहायच्या परवान्यासाठी) गेले होते. मालकाने दिलेली खोली तळघरात, भाडं पगारातून परस्पर कापलं जायचं आणि किती कापलं ते विचारायची सोय नव्हती. नोव्हेंबरात झोप बिघडली. दुपारी चारला डोळे मिटायचे, पहाटे तीनला टक्क जाग. लायब्ररीत उजेडाचा दिवा मिळायचा, त्याच्यासमोर रोज सकाळी अर्धा तास बसायचे. थोडा फरक पडला. छंद म्हणाल तर कुणीतरी मण्यांचं काम शिकवलं, मूसच्या (इथलं मोठं हरीण) कातड्यावर फुलं. ते कातडं धुरावर कमावलेलं असतं. तो वास अजून माझ्या बॅगेला आहे, आणि मला तो आवडतो, हे विचित्रच.

तरुणांना एवढंच सांगेन की खोली बघूनच हो म्हणा. खिडकी आहे का, हे पगाराच्या आधी विचारा.

इनुविक, वय २९

वरच्या ताईंशी पूर्ण सहमत. खिडकी विचाराच, पण आमच्याकडे खिडकी असूनही ६ डिसेंबरच्या सुमारास सूर्य जातो तो महिनाभराने येतो. पूर्ण काळोख नसतो, दुपारी क्षितिजावर जांभळट उजेड येतो आणि त्यालाच आम्ही दिवस म्हणतो. जानेवारीत सूर्य परत आला की गावात जत्रा आणि आतषबाजी.

मला लिहायचंय ते कोथिंबिरीबद्दल. इथे हॉकीच्या जुन्या बंदिस्त मैदानाचं सामुदायिक हरितगृह केलंय. मी मागची तीन वर्षं तिथे वाफा घेतो. पहिल्या वर्षी हौसेने कोथिंबीर, पालक, मेथी. जूनभर आणि अर्धा जुलै सूर्य मावळतच नाही, म्हणजे पीक दुप्पट, असा माझा हिशेब. झालं उलटं. सतत उजेड मिळाला की कोथिंबिरीला वाटतं हंगाम संपत आला. ती पानं सोडून थेट फुलावर जाते. पालकाचंही तेच. मला कोथिंबीर मिळाली मूठभर आणि धने मात्र बरणीभर. शेजारच्या वाफ्यावरची ग्विचिन (इथले मूळ रहिवासी) आजी म्हणाली, दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेर आणि कोवळंच काप. आता तसं करतो. टोमॅटो आणि झुकिनी मात्र झकास येतात.

रात्री साडेअकराला उन्हात पाणी घालायला जायचं, यासारखं सुख नाही. झोपताना खिडकीला ॲल्युमिनियमची फॉइल.

यलोनाइफ, वय २१

हिरव्या दिव्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी दोन ओळी. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, थंडीत बाहेर ठेवलेली दहा-पंधरा मिनिटांत मान टाकते. घरात शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि दोन तास उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. माझी एक लेन्स अशीच गेली.

बाकी मी मासे धरतो. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा, बादली उलटी करून वर बसायचं. चालायला बर्फ निदान १५ सेंटिमीटर लागतं, स्किडूला (बर्फावरच्या मोटारगाडीला) २५. सुरुवातीला बर्फ रात्री बंदुकीसारखं कडाडतं, घाबरू नका, ते वाढत असतं. व्हाइटफिश मिळाला तर नशीब, बहुतेकदा पाइक मिळतो, काटेच काटे.

१६ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी वणव्यामुळे शहर रिकामं करायचा आदेश आला. दक्षिणेला जाणारा रस्ता एकच. आईने गाडीत कागदपत्रं, देव आणि कुकर ठेवला. मी गळांची पेटी ठेवली आणि बारावीचं प्रमाणपत्र टेबलावर विसरलो. तीन आठवडे अल्बर्टात राहिलो, ६ सप्टेंबरला लोकांना परत सोडायला लागले. घर शाबूत होतं, फ्रीज उघडण्यासारखा नव्हता. बाबा अजून ऐकवतात, "पेटी बरी आठवली!"

यलोनाइफ, वय २४ (धागा काढणारी)

मामेबहिणीला सगळं वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न: कुकर का? आता याला काय उत्तर देणार.

वरच्या मासेवाल्या, तू याच गावात आहेस आणि आपण एकमेकांना ओळखत नाही, हे बरं नाही. शनिवारी किल्ल्याच्या खिडक्या बसवायच्या आहेत. तुझं गिरमीट घेऊन ये, चहा मी आणते.