मेंटरचं खरं काम कोडच्या बाहेर

दादा, तुम्ही म्हणालात नव्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टला मेंटर म्हणून भारी कोड लिहिणारा सीनियरच हवा, पण मला नाही पटत. अपाचे या ओपन सोर्स संस्थेचं इन्क्युबेटर, म्हणजे नवे प्रोजेक्ट घडवायची जागा, बघा ना, २००२ पासून चालू आहे, तिथे मेंटर लायसन्स नीट आहे का, निर्णय सगळ्यांना दिसतील असे होतायत का हे बघतात, आणि रिलीजला, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढायला, किमान ३ बंधनकारक +१ (होकाराची) मतं लागतात, ती बहुतेक मेंटरच देतात, म्हणजे मेंटर गायब झाले की पोरं बिचारी मतांसाठी ताटकळत बसतात. आमच्या इंदूरची कॉलेजची मुलं राजवाड्यापाशी चहा पिता पिता सगळं ठरवून मोकळी होतात, बाहेरून मदतीला आलेल्याला काही पत्ताच नसतो, म्हणून मी त्यांच्या मागेच लागते की ठरलेलं त्याच रात्री इश्यूमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या ऑनलाइन नोंदीत, लिहा. ज्या मेंटरला वेळ नाही त्याने वेळेत सांगावं बुवा, दुसरा शोधता येतो.