चर्चा धागा: लेकीला हॅरी पॉटर वाचून दाखवताना मी मधे येतेय का?

धागाकर्ती:
माझी लेक नऊ वर्षांची आहे. वर्षभर रोज रात्री आम्ही दोघी हॅरी पॉटर वाचतोय, सध्या पाचवं पुस्तक चालू आहे. ते २००३ मध्ये आलं तेव्हा मी शाळेत होते आणि हॅरीचा राग मला अगदी माझा वाटायचा. मोठी माणसं काही सांगत नाहीत, सगळं लपवतात, म्हणून तो चिडतो तसा.

परवा हॅरीच्या जिवलग मित्राच्या आईचा, मॉली वीझलीचा प्रसंग आला. ती मेजात लपलेल्या बोगार्टला घालवायला जाते. समोरच्याला ज्याची सर्वांत जास्त भीती, त्याचं रूप बोगार्ट घेतो. तिच्यापुढे तो तिच्या घरच्या एकेकाचं प्रेत होऊन पडतो. शाळेत असताना मी ते पान भराभर वाचून पुढे गेले होते. परवा माझा आवाजच फुटेना. लेक म्हणाली, "आई, वाच ना पुढे."

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. गोष्ट तिच्यासाठी वाचतेय की स्वतःसाठी? आणि माझं रडणं तिच्या गोष्टीत मिसळू द्यावं का?

पानवेडा:
स्पष्ट सांगतो, मिसळू देऊ नये. ही पुस्तकं मोठ्यांनी मुलांकडून कधीच काढून घेतली आहेत. मोठ्यांना चारचौघांत वाचायला संकोच वाटू नये म्हणून ब्रिटनमध्ये १९९८ पासूनच वेगळ्या मुखपृष्ठाच्या आवृत्त्या निघाल्या. आज चाळिशीतली माणसं हॅरीच्या शाळेतल्या एका गटाचं नाव लावून "मी रेव्हनक्लॉ" अशी स्वतःची ओळख सांगतात. मुलाने काय व्हायचं मग?

अनुभवाचं सांगतो. भाचा पहिलं पुस्तक वाचत होता. हॅरीचा शिक्षक स्नेप दुष्ट आहे, असं तो तावातावाने सांगायला लागला. मी म्हणालो, "थांब, पुढे कळेल तुला." तो गप्प झाला. सातही पुस्तकं वाचली त्याने, पण माझ्याशी पुन्हा त्यावर बोलला नाही. त्याचा राग मी एका वाक्यात विझवला. अजून सलतं ते.

जुनी_वही:
पानवेडा, असहमत. तुमची चूक पुढचं फोडण्याची होती, पुस्तक आवडण्याची नव्हे. सी. एस. लुईसने नार्निया या मुलांच्या कथामालेचं १९५० सालचं पहिलं पुस्तक आपल्या मानसकन्येला अर्पण केलं. तिथे तो म्हणतो की तू आताच परीकथांसाठी मोठी झाली आहेस, पुस्तक होईतो आणखी मोठी होशील, पण एक दिवस त्या पुन्हा वाचण्याएवढी मोठी होशील. ताई सध्या त्या दुसऱ्या वयात आहेत. यात मुलीचं काय हिरावलं जातंय?

सावकाश:
मला काळजी वेगळीच वाटते. पहिलं पुस्तक १९९७ चं, सातवं २००७ चं. हॅरी अकराचा होता तो सतरापर्यंत पोचला आणि आपण त्याच्याबरोबर वाढलो, कारण थांबण्यावाचून इलाज नव्हता. आज सातही खंड एका फळीवर तयार असतात. नवव्या वर्षी पाचवं पुस्तक म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाचं दुःख. मी मुलाला चौथ्यानंतर थांबवलं, त्याच्या शेवटी हॅरीच्या शाळेतला सेड्रिक मरतो म्हणून. तो दोन महिने रुसला होता, पण आता दरवर्षी एकच, असं आमचं ठरलंय.

अंधारकोठडी:
स्नेपचा विषय निघालाच आहे तर… मला तो फार जवळचा. शाळेत मीही एकटा होतो आणि मुलं मलाही घेरायची. त्याच्यात मी स्वतःला पाहतो, त्यात वाईट काय?

खडू_फळा:
मी शाळेत शिकवते, म्हणून गप्प बसवत नाही. तुमचं दुःख खरं आहे. पण तिसऱ्या पुस्तकात हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलचा बोगार्ट आठवा. मुलगा तेरा वर्षांचा, आईवडील छळ सोसून भ्रमिष्ट झालेले, आणि त्याच्या मनातली सर्वांत मोठी भीती कोणती? त्याचा शिक्षक, स्नेप! स्नेपच्या हॅरीच्या आईवरच्या प्रेमाची गोष्ट वाचून आपण मोठी माणसं त्याला माफ करून टाकतो, त्याच्या वर्गात बसून थरथरणारा पोरगा आपल्याला दिसेनासा होतो. पानवेडा, तुमच्या भाच्याला तो दिसत होता. म्हणून सोबत वाचायला माझी हरकत नाही, पण कुणाच्या बाजूने वाचायचं ते मुलाला ठरवू द्यावं.

अंधारकोठडी:
नेव्हिलच्या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता. तरी स्नेप माझ्यातून जाणार नाही. दोन्ही राहू देत.

धागाकर्ती:
सगळे प्रतिसाद वाचले. सावकाश, तुमचं थोडं पटलंय, पण आता अर्ध्यावर थांबवणं तिला शिक्षा वाटेल.

काल तो प्रसंग पुन्हा निघाला. मला वाटलं होतं, मी का रडले ते ती विचारेल. तिचं लक्ष मॉलीकडे नव्हतंच. ती म्हणाली, "आई, त्यात शेवटी हॅरीपण होता ना मेलेला? म्हणजे त्यांनी त्यालापण आपल्याच मुलांमध्ये मोजलं. आणि त्याला ते असं कळलं." दोनदा वाचूनही हे मला दिसलं नव्हतं. पहिल्यांदा मी रागात होते, दुसऱ्यांदा आई होते.

पानवेडा:
हे तुम्ही विचारल्यावर सांगितलं की आपणहून?

धागाकर्ती:
आपणहून. दिवा घालवल्यावर.