यादीच्या एपीआयमध्ये प्रत्येक फील्डवर फिल्टर खुला असावा का?

धागाकर्ता: माझ्या मते यादी देणाऱ्या एपीआयने (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागवण्याच्या मार्गाने) कोणत्याही फील्डवर (नोंदीतल्या रकान्यावर), कोणत्याही तुलनेने फिल्टर लावू द्यावा. क्लायंटला (एपीआय वापरणाऱ्या प्रोग्रामला) पुढे काय लागेल हे बॅकएंड (सर्व्हरकडचा कोड) लिहिणाऱ्याला आधी कळत नाही आणि एकेका फिल्टरसाठी नवे रिलीज काढत बसण्यात दोन्ही बाजूंचा वेळ जातो. ओडेटा या एपीआयकडून माहिती मागण्याच्या पद्धतीने असाच मोकळेपणा स्वीकारला आणि तिची ४.० आवृत्ती २०१४ मध्ये ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक झाली.

प्रतिसाद १: पूर्ण असहमत. ओडेटा फक्त अटी लिहिण्याचे व्याकरण ठरवते. त्यातले किती उघडायचे हे सेवा चालवणाराच ठरवतो. खरा धोका असा आहे की जे फील्ड उत्तरात दिसतच नाही, त्यावर फिल्टर चालला तरी त्याचे मूल्य बाहेर काढता येते. लेखांच्या यादीवर ‘लेखकाचे रीसेट टोकन (पासवर्ड बदलण्यासाठीचा गुप्त संकेत) अमुक अक्षराने सुरू होते’ अशी अट लावून निकाल रिकामा येतो की भरलेला, एवढेच पाहत गेले, तर ६४ हेक्स अक्षरांचे (प्रत्येक जागी १६ पैकी एक) टोकन जास्तीत जास्त १,०२४ विनंत्यांत हाती लागते. सिरियलायझरमधून (उत्तरात काय जाईल हे ठरवणाऱ्या कोडमधून) फील्ड वगळले म्हणून निर्धास्त राहणारे अनेक जण हे विसरतात.

धागाकर्ता: मग गुप्त फील्डे वगळून बाकीची खुली ठेवावीत.

प्रतिसाद १: वगळण्याच्या यादीत उद्या जोडलेले फील्ड आपोआप येत नाही. म्हणून परवानगीचीच यादी हवी.

प्रतिसाद २: मला सुरक्षेपेक्षा वेगाची चिंता अधिक वाटते. जँगो रेस्ट फ्रेमवर्क या एपीआय बनवण्याच्या पायथन साधनाचा सर्चफिल्टर मुळात शब्द मजकुरात कुठेही शोधतो, आणि शब्दाची सुरुवातच ठाऊक नसल्याने साधा बी-ट्री इंडेक्स (क्रमवार लावलेली शोधसूची) तिथे निरुपयोगी ठरतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ट्रायग्रॅम इंडेक्स (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांची सूची) लावता येतो खरा, परंतु मजकुराच्या मधल्या दोनच अक्षरांचा शोध आला तर त्यातून पूर्ण तीन अक्षरी तुकडा निघत नाही आणि डेटाबेसला बहुतेक सगळे तपासावे लागते. लहान तक्त्यावर हे जाणवत नाही, म्हणून चाचणीत सुटते.

प्रतिसाद ३: यादी कोणतीही ठेवा, पण अनोळखी पॅरामीटर मुकाट्याने दुर्लक्षित करू नका. क्लायंटने फिल्टरच्या नावात एक अक्षर चुकवले आणि संपूर्ण यादी मिळाली, तर पुढचा कोड ती गाळलेली समजून सर्व नोंदी पुसूही शकतो. तिथे ४०० (‘विनंती चुकीची’ हा त्रुटी-क्रमांक) परत करावे.

धागाकर्ता: ४०० मान्य, टोकनचा मुद्दाही मान्य. तरीही परवानगीची यादी कोडमध्ये न ठेवता कॉन्फिगरेशनमध्ये असावी, म्हणजे नव्या फिल्टरसाठी रिलीजची वाट पाहावी लागणार नाही.

प्रतिसाद २: आणि त्याला लागणारा इंडेक्स कोण लावणार?